पाच मिनिटांची गैरहजेरी

मंगळवारी सकाळी आठ दहा ते आठ पंधरा या पाच मिनिटांत मी माझ्या स्वतःच्या दारात नव्हते, हे मला बुधवारी दुपारी फोनवरून कळलं. सांगणाऱ्या बाईचा आवाज इतका गोड होता की वाईट बातम्या देण्यासाठीच तिला निवडून ठेवली असावी. "ही तुमची महिन्याभरातली तिसरी गैरहजेरी. त्यामुळे सोमवारपासून तीस दिवस तुमच्यासाठी गाडी बंद राहील. मान्य नसेल तर परवा अकराला सुनावणी ठेवता येते. ठेवू?" मी म्हटलं, ठेवा. आणि हेडफोन पुन्हा कानावर चढवून डॉक्टरांचं अर्धं राहिलेलं वाक्य चालू केलं. आमच्या खोलीत आम्ही पाचजणी दिवसभर हेच करतो. डॉक्टर लोकांची पोटं तपासताना बोलून ठेवतात आणि आम्ही ते ऐकून टाईप करतो. यकृत नेहमीच्या आकाराचे. पित्ताशयात खडे नाहीत. स्वादुपिंड वायूमुळे दिसत नाही. दिसत नाही म्हणजे 'नाही' असं लिहायचं नसतं, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. एकदा एका नवखीने तसं लिहिलं आणि एका धडधाकट गृहस्थाचं स्वादुपिंड कागदोपत्री गायब झालं. बिचारे तीन दिवस ते शोधत इस्पितळभर फिरत होते. डॉक्टर पुढे बोलत राहिले, माझी बोटंही चालत राहिली, पण कानाच्या मागे कुठेतरी ती गोड बाई अजून बोलतच होती. त्या दिवशी मी एका माणसाच्या दोन्ही किडन्या डावीकडे लिहिल्या आणि पर्यवेक्षक बाईंनी पहिल्यांदाच माझा कागद परत पाठवला.

कारण मी दारात होते. सात अठ्ठावन्नला पायरीवर आले, तेव्हा शेजारच्या रेडिओवर बातम्यांच्या आधीचं संगीत लागलं होतं. आठ पाचला कचऱ्याची गाडी गेली. आठ नऊला समोरचे काका नेहमीप्रमाणे स्कूटरला लाथा घालत होते. ती सातव्या लाथेला सुरू होते, त्या दिवशी नवव्या. मग जरा शांतता. मग पुन्हा एक स्कूटर, एक ट्रक, दोन सायकली. वडिलांनी मला हे शिकवलं होतं. नवव्या वर्षी तापात माझे डोळे गेले, आणि वडील रोज संध्याकाळी मला गच्चीवर उभं करून विचारायचे, "आता काय गेलं, सांग." सहा महिन्यांत मी गाडीच्या आवाजावरून तिचा मालक सांगायला लागले, आणि कुणाच्या गाडीला दुरुस्ती लागणार आहे हेही, त्यापायी गल्लीतल्या दोन घरांशी आमचं बोलणं बंद झालं. अशा कानांनी मी मंगळवारी आठ पस्तीसपर्यंत उभी राहिले आणि मग चौकशीला फोन केला की गाडी आलेली नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणजे माझ्या हिशेबी गाडी आली नव्हती, त्यांच्या हिशेबी मी आले नव्हते, आणि दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी अगदी प्रामाणिक. नवराबायकोची भांडणं अशीच असतात म्हणे. मला अनुभव नाही.

अपंगांना घरून नेणारी ही सरकारी गाडी म्हणजे काय, ते ज्याचे हातपाय-डोळे धड आहेत त्याला सांगून पटत नाही. आदल्या दिवशी चारच्या आत फोन करून जागा मागायची. ते वेळ देतात, सव्वाआठ. पण सव्वाआठ म्हणजे आठ ते साडेआठमध्ये कधीही. गाडी आली की पाच मिनिटं थांबते. पाच मिनिटांत माणूस दिसला नाही तर गैरहजर. अशा तीन झाल्या की महिनाभर घरी बसा. माझं इस्पितळ घरापासून अकरा मिनिटांवर आहे. या गाडीने मला पन्नास लागतात, कारण ती वाटेत मास्तरांना घेते, मग उलट फिरून एका आजीला फिजिओथेरपीला सोडते, मग एका गप्प बाईला कुठेतरी उतरवते. ती बाई बारा वर्षांत फक्त "इथे" एवढाच शब्द बोलली आहे. लोक कीव करतात, पन्नास मिनिटं! त्यांना काय सांगायचं? जगात ही एकच जागा आहे जिथे मला कुणी "सोबत कोण आलंय?" असं विचारत नाही. तिथे सगळेच एकटे आलेले असतात, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघे लावून. उशीर झाला तर सगळ्यांना होतो. शिव्या द्यायच्या तर सगळे मिळून देतो. आणि मामा होते तोवर, म्हणजे आमचे जुने ड्रायव्हर, गाडी कोपऱ्यावर वळली की अख्ख्या गल्लीला कळायचं, इंजिन खोकत यायचं आणि मामा खिडकीतून त्याच्याही वर ओरडायचे, "चला मॅडम, जग थांबलंय तुमच्यासाठी!" ते गेल्या महिन्यात निवृत्त झाले. तेव्हापासून कधी ही गाडी, कधी ती. पहिली गैरहजेरी माझीच. ताप होता, दोन तास आधी रद्द करायची ती दीड तास आधी केली. मान्य. दुसरी आणि तिसरी मात्र मी उभी राहून कमावल्या होत्या.

"अगं, एवढं काय त्यात! मी सोडतो की," दादा बुधवारी रात्री जेवताना म्हणाला. "महिन्याभराचा तर प्रश्न."

"महिन्याभराचा," वहिनी म्हणाली आणि पातेलं जरा जास्तच जोरात ठेवलं. वहिनी वाईट नाही. तिचं गणित चांगलं आहे, इतकंच.

"आणि चिमे, खरं सांगू? पन्नाशी उलटली तुझी. किती धावायचं माणसाने? घरात काय कमी आहे?"

काही कमी नाही, हेच तर. दादाच्या सोडण्याचा माझा अभ्यास जुना आहे. पहिल्या दिवशी तो शीळ घालतो. दुसऱ्या दिवशी रेडिओ लावतो. तिसऱ्या दिवशी सिग्नलला उसासा, अगदी हळू, मला ऐकू येणार नाही अशा समजुतीने, मला! चौथ्या दिवशी म्हणतो, "आज रजा घेतलीस तर?" प्रेमानेच म्हणतो. त्याच्या प्रेमावर मला शंका नाही, पण ते पाचव्या दिवशी दमतं आणि मग माझी काळजी करायला लागतं. आणि आमच्या खोलीत एक नवं यंत्र आणून ठेवलंय, डॉक्टरांचं बोलणं ऐकून आपोआप टाईप करणारं, अजून खोक्यातच आहे. पर्यवेक्षक बाई चांगल्या आहेत. त्या म्हणतात, तुमची खुर्ची आहे तोवर ते खोकं मी उघडत नाही. खुर्ची महिनाभर रिकामी दिसली तर त्यांचा तरी काय इलाज? मग मी घरात. मग दुपारी वहिनीच्या मैत्रिणी येणार, माझ्याकडे बघून आवाज खाली करणार, आणि मी रेडिओशेजारी बसलेली, हळूहळू रेडिओसारखीच एक वस्तू होत जाणारी; फरक एवढाच की त्याला निदान कुणी चालू करतं. रात्रभर मला झोप लागली नाही. कूस बदलली की मी आहे, स्थिर राहिले की शंका. पहिली शाळा आठवत राहिली. डोळे गेल्यावरचं पहिलं वर्ष. मला आंधळ्यांच्या शाळेत जागा मिळेपर्यंत जुन्याच वर्गात 'बसू द्या तिला' म्हणून बसवलं होतं, पण हजेरीपटावरून नाव काढलेलं. बाई रोज बेचाळीस नावं घ्यायच्या. बेचाळिसावं झालं की पट मिटल्याचा आवाज यायचा, आणि त्या आवाजानंतर, ओठ न हलवता, पोटातल्या पोटात मी उत्तर द्यायची. कुणी न विचारलेल्या प्रश्नाचं. वर्षभर. मला तेव्हा वाटायचं, एखाद्या दिवशी दिलं नाही तर मी खरोखरच उरणार नाही.

शुक्रवारी सुनावणीला जायला मी हीच गाडी मागितली होती. सोमवारपर्यंत तिच्यावर माझा हक्क होता आणि हक्क शिळा करायचा नसतो. दादा हट्टाने पायरीवर उभा राहिला, माझा कोपर धरून. मी काठी उघडून हातात धरली होती, एरवी धरत नाही. माझ्या पायरीवर मला काठी कशाला, ती घडी करून पिशवीत असते. आणि मग काहीच घडलेलं नसताना दादा म्हणाला, "आली बघ."

"कुठे?"

"अगं, समोर. निळी आहे. दहा पावलांवर." मग त्याचाच आवाज बदलला. "चिमे, हिला आवाजच नाहीये! विजेवरची आहे. आली कधी, मलाही कळलं नाही."

दहा पावलं. मी तिथेच उभी राहून ऐकलं. खूप ऐकलं. एका मोठ्या, भरलेल्या, माणसं पोटात घेतलेल्या गाडीचा आवाज शोधला आणि माझ्या कानांना पहिल्यांदा भिंत लागली. त्या मंगळवारच्या 'जरा शांतता'मध्ये ही इथे उभी होती. पाच मिनिटं. मी हिच्याकडे तोंड करून हिचीच वाट बघत होते. वडील गेले तेव्हा रडू आलं नव्हतं ते आता येतंय की काय असं वाटलं, पण दादाने कोपर घट्ट धरला आणि त्याच्या धरण्याचा राग आल्यामुळे मी सावरले. राग फार उपयोगी पडतो. घरात नेहमी थोडा असावा.

ड्रायव्हर नवा होता. सगळे त्याला 'नवा'च म्हणत होते. पट्टा लावताना त्याने बक्कल तीनदा चुकवलं, अनुभव नसलेले हात.

"मंगळवारी तुम्हीच होतात?"

"मंगळवारी एकवीस सवाऱ्या होत्या, मॅडम. यंत्र सांगतं तिथे जातो, यंत्र सांगतं तिथून निघतो."

"आणि यंत्र खाली उतर म्हणून सांगत नाही," मागून मास्तर म्हणाले. मास्तर व्हीलचेअरवर असतात. चेअर जमिनीला चार पट्ट्यांनी बांधलेली, जीभ मोकळी. "बाई, याची गंमत तुम्हाला माहीत नाही. माणूस आला नाही की हा काचेतून फोटो काढतो. फोटो जोडल्याशिवाय गैरहजर हे बटणच दाबता येत नाही त्या यंत्रात. पुरावा! आमच्या वेळी वर्गात पोरगा नसला तर रिकाम्या बाकाचा फोटो काढत नव्हतो आम्ही."

"मास्तर, नियम आहे तो," नवा म्हणाला. केविलवाणं.

"अरे हो रे बाबा, तुला कोण बोलतंय? गाडी चालव."

गप्प बाई "इथे" म्हणून उतरली. मी मात्र त्या फोटोत अडकले. माझ्या दाराचा फोटो, मी नसलेला. हे घर दादाने घेतलं तेव्हा मी तिशीत होते. ते दार मी कधी पाहिलेलं नाही. मला त्याची कडी माहीत आहे, पायऱ्यांची उंची माहीत आहे, उन्हाळ्यात ते फुगतं हे माहीत आहे. पण ते रस्त्यावरून कसं दिसतं? मी नसताना? ज्यांना दिसतं ते आपण नसलेल्या जागेची कल्पना करू शकत असतील का? मला ती करताच येत नव्हती. जिथे मी नाही तिथे माझ्यासाठी काहीच नसतं. दार, पायरी, गल्ली, सगळं माझ्याबरोबरच निघून येतं. आणि यांच्याकडे त्या अशक्य जागेचं चित्र होतं. वकिली डोक्याने नव्हे, निव्वळ चोंबडेपणाने मला ते हवंसं झालं.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट चालू होती हे नमूद करायला हवं. तक्रार घेऊन निघालेल्या माणसाची अशाने पंचाईत होते. खोलीत तिघं. मधोमध साहेब, पेनाचं बटण टकटक दाबणारे. उजवीकडे एक सल्लागार बाई, त्या माझ्याशी फार मोठ्याने आणि तोडून तोडून बोलत होत्या. डोळे नसले की कानही गेलेले असतात अशी एक समजूत सुशिक्षितांत आहे. डावीकडे संगणकावर कारकूनबाई. त्यांचा श्वास जड, खडीसाखरेसारखं काहीतरी चघळत होत्या.

"तुमच्या. सोबत. कुणी. आलं नाही?"

"नाही. सुनावणी माझीच आहे ना?"

साहेबांनी पत्र वाचलं. नियम वाचला. नियम सगळ्यांना सारखा असतो हेही सांगितलं. मी म्हटलं, मी दारात होते. ते म्हणाले, गाडीही दारात होती. यंत्रात जागा आणि वेळ दोन्ही आहे. मी म्हटलं, गाडीला आवाज नाही. ते म्हणाले, त्यासाठी यंत्र फोन करतं. तो फोन अर्जावरच्या नंबरावर जातो, माझा नंबर फक्त त्या गोड बाईच्या वहीत. अर्ज बारा वर्षांपूर्वी दादाने भरलेला, नंबर दादाचा, आणि सव्वाआठला दादा आंघोळीत असतो. "मग नंबर बदलून घ्यायला हवा होता," साहेब म्हणाले. बरोबरच होतं. त्यांचं प्रत्येक वाक्य बरोबर होतं, आणि प्रत्येक वाक्यागणिक मी त्या खोलीतून थोडी थोडी कमी होत होते. खोकं उघडल्याचा आवाज आला मला, खरंच आला, चिकटपट्टी ओढल्याचा.

"पुरावा अर्जदाराला दाखवायचा असतो ना?" मी विचारलं.

"असतो. पण…" पेन थांबलं. "म्हणजे तुम्हाला… कसा…"

"वाचून दाखवा. फोटोत काय आहे ते सांगा."

"त्याची. काही. गरज—"

"असू द्या," साहेब उदार झाले. हरणाऱ्याच्या शेवटच्या इच्छेला माणसं उदार होतात. "सांगा हो त्यांना."

कारकूनबाईंनी उघडायला वेळ घेतला. "हां. दार आहे. तपकिरी. तीन पायऱ्या. बाजूला कुंडी आहे, फुटलेली."

आमची कुंडी फुटलेली आहे हे मला घरात कुणी सांगितलं नव्हतं. "पुढे?"

"पुढे… खिडकीला पडदा. आणि एक बाई उभ्या आहेत."

"कोण बाई?" साहेब म्हणाले. "शेजारीण असेल."

"निळा कोट आहे," कारकूनबाई म्हणाल्या. चघळणं थांबलं होतं. "खांद्याला काळी पिशवी. केस पांढरे, मागे बांधलेले. मान जराशी डावीकडे कललेली… काहीतरी ऐकतायत जशा." आणि मग खुर्ची करकरली, त्या वळून माझ्याकडे बघत असणार, कारण पुढचं वाक्य थेट माझ्या तोंडावर आलं. "अहो, तुम्हीच आहात की या."

त्यानंतरची शांतता मात्र मला नीट ऐकू आली. तिच्यात तीन माणसं होती आणि तिघंही अडचणीत होती. मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि त्या दोन्हींच्या आधी एक भलताच प्रश्न आला. "कशी उभी आहे मी?"

"म्हणजे?"

"दिसते कशी? वाकलेली? भिंतीला टेकलेली?"

"छे हो. ताठ." खुर्ची पुन्हा संगणकाकडे करकरली. "चांगल्या ताठ उभ्या आहात. कुणाच्या बापाला न भिणाऱ्या."

चाळीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कशी चालते, कुठे अडखळेन, कुठे जपायला हवं, हे सगळे सांगतात. मी कशी उभी राहते हे एका सरकारी पुराव्यातून कळलं. अंगातून काहीतरी उष्ण वर चढत गेलं, घोट्यांपासून मानेपर्यंत, जसं काही ते उभं राहणं आता माझ्यात परत येऊन बसत होतं. साहेबांनी ड्रायव्हरला फोन लावला, मोठ्या आवाजावर.

"मंगळवार, आठ दहा. तपकिरी दार. कुणी होतं का तिथे?"

"थांबा साहेब, गाडी बाजूला घेतो… नाही साहेब, कुणी नव्हतं. एक बाई होत्या फक्त."

"अरे, मग विचारलं का नाहीस?"

"सवारी आंधळी आहे असं यंत्रात होतं, साहेब. त्या तर बऱ्या होत्या. काठी नाही, काही नाही. सरळ माझ्याकडे बघत होत्या पाच मिनिटं. मलाच जरा कसंतरी झालं. मी म्हटलं, बाईमाणूस, कशाला—"

मागून मास्तरांचा आवाज फुटला, "बाई! जिंकलात का? जिंकलात तर हॉर्न वाजवायला सांगा गाढवाला!" आणि हॉर्न वाजला. खरोखर वाजला. सल्लागार बाई हसल्या, पहिल्यांदाच न तोडता.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "ही नोंद काढून टाकू. सोमवारपासून तुमची गाडी चालू. यायला हरकत नाही तुम्ही आता."

सोमवार. सव्वाआठ. पन्नास मिनिटं, गुडघ्याला गुडघे. मी उठायला हवं होतं. शहाणा माणूस जिंकल्यावर उठतो. मी पिशवी मांडीवर घेतली आणि नीट टेकून बसले.

"दुसरी नोंद?"

"एक काढली की तीन राहत नाहीत. तुमचं काम झालं."

"उघडा तरी."

कारकूनबाईंनी साहेबांना विचारलं नाही. टकटक झाली. "तेच दार," त्या म्हणाल्या. "त्याच उभ्या." आवाज बसका झाला होता. "साहेब, महिना झाला, हे सगळे मीच तपासतेय. फोटो जोडलाय का? जोडलाय. बरोबरची खूण. मी उघडला नाही हो एकही. उघडायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नाही."

"नव्या गाड्यांच्या मिळून किती आहेत?" मी विचारलं.

"एकशे चौदा."

"हे बघा, बाई," साहेब म्हणाले, "त्यांनी कुणी अर्ज केलेला नाही."

"ते कुठून करतील? त्यांनाही असाच फोन आला असेल की तुम्ही नव्हतात म्हणून. त्यांना खरं वाटलं असेल." आवाज माझाच होता पण मी तो ओळखला नाही, तो खोलीच्या मधोमध उभा होता. "माझी परतीची गाडी दीडला आहे. मला घाई नाही."

मी कुणाकडे बघत नाही, त्यामुळे माझ्या बघण्यापासून कुणाला सुटका नसते. हा एक फायदा आहे, तो मी क्वचित घेते. शेवटी साहेबांची खुर्ची सरकली, जड, कुरकुरत, डाव्या बाजूला, संगणकाच्या दिशेने. कारकूनबाईंनी चघळायचं ते गिळून टाकलं.

"पहिला," त्या म्हणाल्या. "फाटक. कुत्रा आहे. माणूस… नाही, इथे खरंच कुणी नाही."

"असेल. पुढचा."

"भाजीचं दुकान. दुकानापुढे… आजोबा आहेत एक. काठी आहे, पांढरी. पाठ आहे आपल्याकडे." त्या वाकल्या असाव्यात, आवाज काचेवर आपटून येत होता. "दुसऱ्याच एका गाडीला हात करतायत. मोठ्याने हाक मारतायत बहुतेक, तोंड उघडं दिसतंय त्या गाडीच्या काचेत."

"नाव लिहा त्यांचं," साहेब म्हणाले. हळू. मग पुन्हा, नीट. "लिहा."

"लिहिलं. पुढचा… थांबा, मोठा करते. इथे दोघी आहेत. हातात हात धरून."

"पुढचा," मी म्हटलं.